वाट सरळ हाय, दाजी

या सदरातले अनुभव माझी बायको दर महिन्याला मोठ्यांदा वाचते आणि मी दाढी करता करता हसतो. पिंपळावरची बाई, मागून आलेली हाक, रिकाम्या खोलीतला झोका... मी मागाच्या यंत्रात आयुष्य घातलेला माणूस. यंत्र अडलं की कुठला तरी बोल्ट ढिला असतो, नाहीतर पट्टा सरकलेला असतो. करणी नसते, बाधा नसते. हे मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो.

म्हणूनच ही गोष्ट पाच वर्षं मला गिळता आली नाही आणि बाहेरही काढता आली नाही.

भीती वाटावी म्हणून वाचणार असाल तर आधीच सांगतो, यात भूत नाही. जे काही अमानवीय म्हणायचं ते एका साध्या माणसाच्या हातापायांत होतं. आणि माणसाला न शोभणारं जे होतं, ते मी केलं. माझं आडनाव छापू नये अशी संपादकांना विनंती केली आहे. घरचे मला मल्लू म्हणतात, तेवढं पुरे.

सोलापूर. शहराच्या पूर्व भागात चादरींचा एक कारखाना, सोळा यंत्रमाग, वर पत्रा. मी तिथे जॉबर होतो, म्हणजे मागांची दुरुस्ती माझ्याकडे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सिद्राम, आमचे दाजी, तिथेच विणकर होते. गौराअक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. दाजी तसे अबोल, पण मला बघितलं की त्यांना चेष्टा सुचायची. "काय मेव्हणं, आज पान्हा रुसलाय व्हय?" असं म्हणत यायचे.

पुढचं कळायला कारखान्यातली उभं राहायची पद्धत माहीत हवी. दोन माग समोरासमोर असतात, मधे हातभर रुंदीची गल्ली. एकच विणकर त्या गल्लीत उभा राहून दोन्ही माग सांभाळतो. एका मागाचा तुटलेला धागा सांधायला वाकला, की दुसऱ्या मागाकडे त्याची पाठ. मागात आडवा धागा घेऊन धोटा धावत असतो... लाकडी, जड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. कधी कधी तो उसळतो. त्याला दाबून ठेवायला मागावर एक आडवी सळई असते, तिला गार्ड म्हणतात. पण धागा सांधताना गार्ड कोपराला लागतो, काम रेंगाळतं. म्हणून आमच्याकडचे विणकरच म्हणायचे, "काडून टाक की वो जॉबर ते लचांड." मी काढून टाकायचो. सगळीकडे असंच चालायचं.

एकटे दाजी म्हणायचे, बसव.

"मल्लू, माज्या पाठीमागच्या मागाचा गार्ड तेवडा बसव. पाठीला डोळं न्हाईत रे मला."

एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, सगळे बसले होते. मी म्हणालो, "दाजी, तुमी विणकर हाय का भित्री भागूबाई?" सगळे हसले. दाजीपण हसले. "उद्या बसवतो," मी म्हणालो.

१९७३ साल, दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळचे साडेदहा-अकरा. मी चार माग पलीकडे पट्टा चढवत होतो. मागांच्या खडखडाटात वेगळा आवाज ऐकू येणं कठीण, पण तो आला... नारळ फुटल्यासारखा. वळून बघितलं तर दाजी समोरच्या मागावर पालथे पडलेले आणि धोटा गल्लीत गरगर फिरत होता. डोक्याच्या बरोबर मागच्या बाजूला लागला होता. रक्त फार नव्हतं.

त्यांना टांग्यात घालून लोक दवाखान्यात गेले. मी मागे राहिलो. कारखान्यात कुणी नाही असं बघून मी मागाखाली पडलेला गार्ड काढला, फडक्यानं पुसला आणि चार बोल्ट आवळून बसवला. शेठनी संध्याकाळी विचारलं, "गार्ड होता ना रे?" मी म्हणालो, "होता. त्यांनीच ढिला केला असंल."

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तीन दिवसांनी दाजी शुद्धीवर आले. बोलणं नीट, हातपाय नीट. पण दिसत नव्हतं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली, बाहुली आकसत होती. डोळ्यांत काहीच दोष नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, "समोर अंधार दिसतो का?"

"अंदार तरी दिसंल की सायब," दाजी म्हणाले. "ह्ये तसं न्हाय. आता तुमच्या टकुऱ्याच्या मागं काय हाय ते तुमाला कसं दिसतंय? तसंच मला म्होरचं दिसतंय."

डॉक्टर म्हणाले, "धक्का बसलाय. वेळ द्या."

डोळ्यांत दोष नाही, या एवढ्या वाक्याचं आमच्या गल्लीत काय झालं म्हणता! आठवड्याभरात सगळीकडे एकच... डोळं चांगलं हायेत, डॉक्टरनंच सांगितलंय.

मी रोज संध्याकाळी अक्काकडे जायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. अक्का विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. एक दिवस तिनं मला खुणेनं आत बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाली, "मल्लू, हे काल तारंखालनं वाकून गेले."

"कसली तार?"

"कपडे वाळत घालायची. पडवीतनं मोरीकडं जाताना. मान खाली घालून अशे गेले, जसं काय दिसतंय."

"रोजची सवय असंल की अक्का."

"तार मी कालच बांदलीय रे."

माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू... काट्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. छाती हलकी झाली. दाजींना दिसत असेल तर काहीच झालेलं नाही. मग त्या चार बोल्टांना काही वजनच उरत नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. वाटेत घमेलं ठेवायचं, गप्प बसायचं. दाजी घमेल्याला वळसा घालायचे. पाट ठेवला, पाटावरून पाय उचलला. पण "दाजी, घमेलं कुटं हाय सांगा" असं विचारलं की हात भलतीकडेच. "दिसत न्हाय म्हणतोय की रे, किती येळा सांगू?" म्हणायचे. शेजारची म्हातारी अक्काला सांगायची, "गौरे, ह्याच्या आत दुसरंच कोण तरी बसून बघायलंय गं." अक्का त्यांना अक्कलकोटला घेऊन गेली, अंगारा लावून आणला. फरक काही पडला नाही. दाजी स्वतःच घाबरायला लागले होते. एकदा मला हळूच म्हणाले, "मल्लू, माज्या हातात कोण बसलंय का बग रे. म्या सांगायच्या आदी ह्यो हालतोय."

मला ते उत्तम नाटक वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, मला तसं वाटून घ्यायचं होतं.

शेठनी दाजींना कांड्या भरायला बसवलं होतं. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. ते काम बोटांच्या अंदाजानं जमतं. जानेवारीत एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते. दाजी भिंतीशी भाकरी खात होते. लक्ष्मय्या म्हणून एक विणकर होता, तो म्हणाला, "काय जॉबर, तुमच्या दाजीला डाळीतली मिरची बरोबर सापडायली की वो. कसला आंधळा हाय ह्ये?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी रिकामी कांडी उचलली. सगळ्यांना बोटानं गप्प केलं, आणि दाजींच्या तोंडाच्या रोखानं फेकली.

त्यांचा डावा हात वर आला. कांडी अलगद झेलली.

मग जो हशा पिकला... लक्ष्मय्या तर मांडी बडवून हसत होता. "वा रे डोळस आंधळा!" शेठ दारात उभे होते, त्यांनी सगळं बघितलं होतं. म्हणाले, "सिद्राम, उद्यापास्नं येऊ नको. मला विणकर पायजेत. नाटकवाले नकोत."

त्या हशात एक गोष्ट फक्त मी बघितली. दाजींनी भाकरी खाली ठेवली आणि उजव्या हातानं डावा हात चाचपला. बोटं उलगडली. कांडीवरून बोट फिरवत पुटपुटले, "ह्ये काय हाय? कुणी दिलं हातात?"

तो चेहरा नाटकाचा नव्हता. मला ते तिथेच कळायला हवं होतं.

अक्कानं त्याच दिवशी ऐकलं. भांडली नाही. फक्त त्यांचा हात धरून मोरीपर्यंत न्यायची ते बंद केलं. जेवायचं ताट हातभर लांब ठेवून मुकाट्यानं उठायची. दाजींचा हात जरा थांबायचा, मग बरोबर ताटावर जायचा. "बग," अक्का मला म्हणायची, "बग की कसं सापडतंय."

दहा-पंधरा दिवसांनी दाजीच मला म्हणाले, "चार दिस तुमच्या रानात न्हेऊन सोड मला. गल्लीत पोरंसुदिक हसायल्यात." मंद्रूपजवळ आमचं थोडं रान आहे, तेव्हा धाकटा भाऊ करायचा. शनिवारी आम्ही एसटीनं गेलो. मला राहून राहून हात चाचपतानाचा तो चेहरा आठवत होता. दिसतंय की नाही... मला एकदाची खात्री हवी होती.

रस्त्यापासून आमचं रान पाव कोस आत. दुपार कलली होती. ज्वारी कणसाला आलेली, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी. पायवाट सरळ विहिरीकडे जाते, विहिरीला वळसा घालून पलीकडे कोप्याकडे, म्हणजे रानातल्या झोपडीकडे. दुष्काळात विहीर आणखी खोल नेली होती, सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. कठडा नव्हता. उपसलेल्या दगडांचा ढीग काठालगत तसाच पडलेला, आणि ढीग आणि विहीर यांच्यामधून जेमतेम एका माणसाची वाट. त्या वाटेवर इंजिनाचा पाइप आडवा.

दाजी या वाटेनं त्याआधी कधी आले नव्हते. लग्नानंतर एकदाच आले होते ते दुसरीकडून, बैलगाडीनं.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. विहीर वीसेक पावलांवर आली. मी खाली बसलो.

"काय झालं रं?"

"चप्पलचा अंगठा निघाला. तुमी चला म्होरं, मी आलोच. वाट सरळ हाय, दाजी."

वाट सरळ हाय, दाजी. हे मी म्हणालो. माझी चप्पल पायात नीट होती.

ते निघाले. दोन्ही हात मोकळे, चाचपत वगैरे नव्हते, गप्पा मारत चाललेल्या माणसासारखे. खरंच गप्पा मारत होते... "ज्वारी बरी आली वाटतं औंदा. वास येतोय बग हुरड्याचा. तुजी अक्का हुरड्यासाटी जीव टाकती..." मी वाटेवर बसलेला. दहा पावलं राहिली. आठ. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगितलं तर खात्री होणार नाही, असं वाटलं. सहा. चार. तीन.

तिसऱ्या पावलाला त्यांचा पाय डावीकडे वळला.

थांबले नाहीत. बोलणंही थांबलं नाही. काठापासून वीतभर अंतर राखून ते त्या अरुंद वाटेत शिरले, दगडांच्या ढिगाला खांदा न लावता. पाइप आला तसा पाय उचलून पलीकडे टाकला. विहिरीचा अख्खा बाक त्यांनी तसाच, हुरड्याबद्दल बोलत, पार केला. विहिरीच्या पलीकडच्या काठाला जाऊन म्हणाले, "आलास का रं?"

मी पळत गेलो. तिथपर्यंत पोचलो तोवर ओरडायलाच लागलो होतो. "दिसतंय की तुमाला! दाजी, सगळं दिसतंय! चार म्हयने अक्काला रडवलं, मला..." मला काय, ते मी म्हणालो नाही.

दाजी गोंधळले. "कशावरनं म्हणतोस?"

"कशावरनं? इहिरीला वळसा घालून आला की आत्ता!"

"इहीर?" त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. "कुटाय इहीर?"

"बस झालं की दाजी..."

"मल्लू, इहीर कुटं हाय? कुनीकडं?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आतापर्यंत सरळ चालणारा तो माणूस आंधळ्यासारखा चाचपायला लागला. विहिरीपासून लांब जायचं म्हणून मागे वळले, आणि वळून पाऊल टाकलं ते थेट विहिरीत.

मी सदऱ्याला मागून धरलं. सदरा टर्रकन फाटला. मी अंग मागं टाकलं म्हणून दोघेही काठावर आडवे पडलो. त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत काठाबाहेर लोंबत होता. त्या पायातली चप्पल निसटली. ती पाण्यावर पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मला वाटलं येणारच नाही.

पुन्हा लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. विहीर आहे हे माहीत नव्हतं तेव्हा तो माणूस तिला वीतभर अंतर राखून वळसा घालून गेला. माहीत झाल्यावर त्यानं तिच्यात पाय टाकला.

आम्ही तसेच पडून होतो. मग दाजी हळूच म्हणाले,

"वाट सरळ हाय म्हणलास की रे."

मी त्यांचा लोंबणारा पाय धरून काठावर ओढला.

ते उठून बसले. फाटका सदरा नीट करत म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस. म्या बी न्हाय सांगणार. तुज्या अक्काला सोसायचं न्हाय. पर येक कर. तिला येवडं सांग, की ह्यांना खरंच दिसत न्हाय. माजं ती ऐकत न्हाय. तुजं ऐकंल."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. कारण अक्का लगेच विचारणार, तुला कसं कळलं? आणि त्या प्रश्नाला विहीर आली. विहिरीमागून चार बोल्ट आले. आज सांगतो, उद्या सांगतो... गार्ड बसवायला केलं तेच.

दाजींनी शब्द पाळला. एका पायात चप्पल घालून घरी गेले. अक्का म्हणाली, "एक चप्पल बी नाटकातच गेली का?" त्यांनी काही सांगितलं नाही. पाच वर्षं पडवीत सूत गुंडाळायच्या रहाटावर लोकांच्या कांड्या भरत बसले. येणारा-जाणारा टोमणा मारायचा, "काय सिद्राम, आज किती दिसायलंय?" अक्का कामापुरतं बोलायची. मी सणावाराला जायचो. दाजी आवाज ओळखून म्हणायचे, "काय मेव्हणं, पान्हा बरा हाय का?" बाकी काही कधी विचारलं नाही. मला तेच सोसायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर अक्काचा निरोप आला, ये म्हणून. दुपारची वेळ. दाजी पडवीत रहाटावर बसलेले, तोंड भिंतीकडे. अक्का आत विड्या वळत होती.

"मल्लू, मी ठरवलंय," सुपावरची मान वर न करता ती म्हणाली. "आता ह्यांचं सोंग बास झालं. सोमवारपासनं तुज्या कारखान्यात ह्यांना मागावर उभं कर. शेठला सांग, माजी जबाबदारी. दोन माग दे. गल्लीत उभं राहिलं की दिसंल आपोआप."

"दाजी काय म्हणतेत?"

"काय म्हणायचंय? जातो म्हणले."

जातो म्हणाले! तो माणूस पुन्हा त्या गल्लीत उभा राहायला तयार झाला होता, दोन्हीकडून धोटे धावत असताना. कुठला पट्टा कुठे आहे हे मनात आठवत बसला की त्याचा हात त्यात जाणार, हे जगात मी एकट्यानं बघितलेलं होतं.

"न्हाय अक्का. त्यांना दिसत न्हाय."

"तू बी सुरू झालास?"

"खरंच दिसत न्हाय. मला ठाऊक हाय."

"कसं ठाऊक?"

आला प्रश्न. पाच वर्षं ज्याच्यापासून पळत होतो तो. मी खाली बसलो आणि सांगितलं. आधी विहीर. मी चप्पलचं खोटं कारण केलं ते. वाट सरळ हाय म्हणालो ते. मग मागे मागे जात कांडी, मग गार्ड, मग चार बोल्ट. अक्काचे हात सुपावर थांबले होते. अर्धी वळलेली विडी बोटांत उलगडत गेली, तंबाखू सांडला.

सांडलेल्या तंबाखूकडे बघत ती म्हणाली, "ती चप्पल..."

"इहिरीत पडली."

"म्या म्हणलं नाटकात गेली."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मार द्यायच्या आधी बघायची तसं. पण मारलं नाही. म्हणाली, "पाच वर्सं म्या त्यांचा हात धरला न्हाय रे, मल्लू."

दुसऱ्या दिवशी मी शेठना गार्डचं सांगितलं. आता मी तिथे जॉबर नाही. शेठच्या तोंडून कारखान्यात सगळ्यांना कळलं. लक्ष्मय्या दाजींकडे जाऊन तासभर नुसता बसून आला. त्याच आठवड्यात मी डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे गेलो आणि नाव न घेता सगळं विचारलं. ते म्हणाले, "बघण्याची जागा डोक्याच्या मागच्या भागात असते. डोळा म्हणजे खिडकी. यांची खिडकी शाबूत आहे, पण आत माणूस नाही."

मी म्हणालो, "मग विहिरीला वळसा कुणी घातला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मला सांगता येणार नाही," म्हणाले. "थोडंफार दिसत असेल." थोडंफार दिसणारा माणूस सांगितल्यावर विहिरीत कसा पाय टाकेल, हे मी विचारलं नाही. त्यांनाही ते सुचलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. वाचकांपैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा. मला झालेला नाही.

त्या दुपारचं एवढंच सांगायचं राहिलं. अक्का सूप बाजूला ठेवून उठली. "तुजं मी नंतर बगीन," एवढं मला म्हणाली आणि पडवीत गेली. मी दारात उभा राहिलो. रहाट घरघरत होता. त्या आवाजात तिची पावलं ऐकू यावीत असं नव्हतं. दाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. अक्का त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हाक न मारता नुसता हात पुढे केला.

दाजींचा डावा हात सुतावरून उठला. मान वळली नाही, चेहरा तसाच भिंतीकडे. हात हवेत सरळ वर गेला आणि अक्काचा हात त्यानं बरोबर धरला.

रहाट थांबला. दाजी दचकले.

"कोण?" म्हणाले. "कोण हाय?"

ते परत परत विचारत राहिले, कोण हाय, कोण हाय... आणि हात काही सोडत नव्हते.